खालच्या कपाटाचं दार

९ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दोनतीनदा कागद घेतला आणि फाडून टाकला. लिहायचं ते सुनेबद्दल, आणि सून याच घरात वावरते. आज ती कॉलेजात गेली आहे, नातबाई मुंगी झोपली आहे, आणि मी दाराला आतून कडी घालून बसलो आहे.

सूनबाई काय शिकते असं तू विचारलं होतंस. शाळेत जायच्या आधीच्या वयाची जी पोरं असतात, त्यांना कसं शिकवायचं ते शिकते. मी चौथीत शाळा सोडलेला, मला काय कळणार. पण कॉलेजात जाणारी बाई घरी पुस्तकं आणते की नाही? ही चिकणमाती आणते, रिकामे डबे आणते, चिंध्या आणते. परवाचा अभ्यास काय, तर गुडघ्यांवर रांगत अख्खं घर फिरली. माझ्या खोलीतसुद्धा आली. मी पलंगावर, सून फरशीवर! मी पाय वर घेतले. विचारलं तर म्हणाली, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर कसं दिसतं ते बघून यायला सांगितलंय. मग कसं दिसतं, म्हटलं. तर म्हणे टेबलाचं पोट दिसतं आणि मोठ्या माणसांचे गुडघे. आता हे कळायला कॉलेज कशाला लागतं?

मला काही खरं वाटेना. म्हणून एक दिवस मुंगीला शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवलं आणि सूनबाईच्या मागोमाग गेलो. कॉलेज आहे खरं. फाटक आहे, पाटी आहे, रखवालदार आहे. कुंपणातून डोकावलो तर वर्गात थोराड बायका हात पसरून झाडं झाल्या होत्या आणि एक चष्मेवाल्या मास्तरीणबाई त्यांच्यामधून वारा होऊन पळत होत्या. तेवढ्यात रखवालदाराने हटकलं. काय सांगणार? जन्मभर कुलपं आणि दारं दुरुस्त केली, तेच तोंडात आलं. म्हटलं, तुमच्या फाटकाची बिजागरी कुरकुरते, ती बघतोय. तो खरंच तेलाची बुधली घेऊन आला. तेल घातलं आणि मान खाली घालून घरी आलो.

हसू नकोस, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. तिने घर खाली आणलंय. आरसा खाली, टॉवेलची खुंटी खाली, चपलांची फळी खाली. स्वयंपाकघरातलं खालचं कपाट मुंगीला देऊन टाकलं. त्यात तिचे पेले, पाण्याची छोटी झारी, पुसायचं फडकं. चार वर्षांची पोर स्वतः दार उघडते, स्वतः पाणी ओतते, सांडते आणि पुसते. दिवसातून पन्नासदा आजोबा, आजोबा करायची, ती आता वळूनही बघत नाही. आणि सूनबाई कोपऱ्यात बसून नुसती बघते. पोर पडली तरी उठत नाही. मी धावलो तर मग माझ्याकडे बघते. बोलत मात्र काही नाही. कुलूप लागताना खट् वाजलं नाही की मला झोप लागत नाही, तशातली गत.

आणि शेवटचं. वरच्या फळ्या रिकाम्या करून तिने सामान खोक्यांत भरलंय. खोकी दोरीने बांधून आतल्या बोळात ठेवली आहेत. विचारलं तर म्हणते, सांगेन नंतर. पास झाली की तिला कॉलेजच्याच बालवाडीत नोकरी आहे, हे तिने मागेच सांगितलंय. ती मुंगीला घेऊन वेगळं बिऱ्हाड करणार, दुसरं काय! आपले चिरंजीव जहाजावर, वर्षातून एकदा उगवणार. मग या घरात मी आणि माझ्या किल्ल्यांचा जुडगा.

तुझं मत कळव. पाकीट नीट चिकटव.

तुझा
धाकटा


२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसले. मी शाळेत खरंच जाते का, हे बघायला तू लहानपणी माझ्यामागे लपतछपत यायचास, आणि गुरुजींनी पकडून तुला घंटा वाजवायला लावली होती. आता बिजागरीला तेल! जित्याची खोड, दुसरं काय.

अरे, वहिनी जाण्याआधी अंथरुणाला होती तेव्हा तिचं सगळं याच सुनेने केलं. तिला पळायचंच असतं तर तेव्हा पळाली असती. खोक्यांत काय आहे ते सरळ विचार. दाराला कान लावून सगळं कळत नाही, कधीकधी दार वाजवावंही लागतं.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं. आता मला तुझं अक्षर स्पष्ट दिसतं, ही एक त्यातली वाईट गोष्ट.

मुंगीला पापा. तुझ्यावर माया आहे, म्हणून बोलते.

अक्का


१६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे हवा भयंकर कोरडी पडली आहे. ओठ फुटले, टाचा फुटल्या, शिंपीणबाईंनी दिलेलं मलम रोज लावतो. बाकी प्रकृती ठीक.

एक आनंदाची बातमी. मुंगी परत माझी झाली. त्या खालच्या कपाटाचं दार दमटपणाने फुगून घट्ट झालं आहे. पोर ओढते, लाल होते आणि मग मला हाक मारते. मी उठतो, एका बोटाने उघडून देतो. ती माझ्याकडे अशी बघते की मी जादूगारच! दिवसभर आमचं हेच चालतं. काल तर तिने दाराला हातही लावला नाही. कपाटासमोर मांडी घालून बसली आणि तिथूनच मला हाक मारली. चपलांचंही तसंच. पाय पुढे करून बसते. कॉलेजचा धडा पुसला गेला, अक्का. रक्त ओळखतं कुणाचा हात आपला ते.

सूनबाई मात्र काळजीत दिसते. पुढच्या महिन्यात तिच्या त्या वारा झालेल्या मास्तरीणबाई आमच्या घरी येणार आहेत. सकाळभर कोपऱ्यात बसून बघणार, की घरात मूल आपलं आपण काय काय करतं. त्यावर पास-नापास. नापास झाली तर वर्ष पुन्हा. मग नोकरीचं काय, असं मी सहज विचारलं. म्हणाली, मग यंदा कसली नोकरी. आतून थोडं बरं वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

खोक्यांचं अजून विचारलं नाही. उत्तर काय येईल ठाऊक असलं की विचारवत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

आज आशीर्वाद नाहीत.

पत्राच्या सुरुवातीला हवा इतकी कोरडी की तुझ्या टाचा फुटल्या. आणि खाली येईतो दमटपणाने लाकूड फुगलं? मी तुझ्याकडे राहायला होते तेव्हा ते दार वाऱ्यानेही उघडायचं. सुताराचा पाट मोडका आणि कुलूपवाल्याचं दार सताड, असं वहिनी म्हणायची, ते याच दाराबद्दल. मोठ्या माणसाच्या एका बोटाने उघडतं आणि मुलाच्या दोन्ही हातांनी हलत नाही, असं दार देवाने केलेलं नाही. असं दार करणारा माणूस मला एकच माहीत आहे.

मी काही विचारत नाही. तू सबबी सांगशील आणि मला त्या तुझ्या अक्षरात वाचाव्या लागतील.

पण एक ऐक. पोर आता दाराला हातही लावत नाही, समोर नुसती बसून राहते, हे तू आनंदाची बातमी म्हणून लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा माझ्या नव्या डोळ्यांना पाणी आलं.

अक्का


२७ फेब्रुवारी

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहीत आहे. तुम्हीही त्याबद्दल बोलू नका अशी विनंती. कालपासून ते जेवताना मान वर करत नाहीत. तुमचं पत्र आलेलं मी पाहिलं, म्हणून वाटलं की तुम्हाला ठाऊक असावं.

खालच्या कपाटाच्या दाराला आतून चाप बसवलेला आहे, वरच्या फटीतून मोठ्या माणसाने बोटाने दाबला तरच सुटणारा. मला तो दुसऱ्याच दिवशी दिसला. जुन्या काळवंडलेल्या लाकडात नवा कोरा स्क्रू चकाकत होता. आधी मला राग आला. तो काढून टाकावा आणि बाबांसमोर ठेवावा असं वाटलं. मग मुंगी त्यांना हाक मारताना त्यांचा चेहरा पाहिला आणि राहून गेलं. आई गेल्यापासून त्यांना कुणी इतक्यांदा हाक मारलेली नाही.

आता ५ मार्चला आमच्या बाई घरी येणार आहेत. मुंगी त्यांच्यासमोर तशीच बसून राहिली तर माझं वर्ष गेलं. चाप मी काढू शकते. पण मी काढला तर बाबांना कळेल की मला कळलं, आणि मग ते या घरात चोरासारखे वावरतील. आम्हाला शिकवतात की मूल एखाद्या गोष्टीशी झटत असेल तर लगेच हात पुढे करू नये, थोडं थांबावं. मुलासाठी किती थांबायचं ते मला आता थोडंफार कळतं. सासऱ्यांसाठी किती थांबायचं ते अभ्यासक्रमात नाही. तुम्हीच सांगा.

खोक्यांमुळेही त्यांच्या मनात काहीतरी आहे. त्यात आईंच्या वस्तू आहेत. बाबा त्या बघायला स्टुलावर चढतात. एकदा मी त्यांना डगमगताना पाहिलं, तेव्हापासून धडकी भरली आहे. त्यांच्या खोलीत, त्यांचा हात सहज पोचेल अशी फळी सुताराकडून करून घ्यायची आहे. तो आज येतो, उद्या येतो करतोय. फळी होण्याआधी सांगितलं असतं तर त्यांनी खोकी उघडून सगळं पुन्हा वर चढवलं असतं.

उत्तर शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवा. या वयात चोरून पत्रं, माझं मलाच हसू येतंय.

आपली
सूनबाई


११ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं मागचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. दाराचं विचारू नकोस. हवा बदलली, लाकूड वाळलं, दार सुटलं. इतकंच.

मास्तरीणबाई ठरल्या दिवशी आल्या. जवळून बघितल्या तर अगदीच साध्या. आल्या त्या फरशीवरच बसल्या, खुर्ची दिली तर नको म्हणाल्या. त्या एका कोपऱ्यात, सूनबाई दुसऱ्या, मी माझ्या खुर्चीत. मुंगी आमच्याकडे बघून घेऊन कपाटाशी गेली. मी मनात म्हटलं, आता उघडेल.

उघडेना! उघडेना म्हणजे हातच लावेना. दार मोकळं होतं, अक्का, फुंकर मारली तरी उघडलं असतं. पण पोरीला ते कुठे ठाऊक? मांडी घालून बसली आणि आजोबा अशी हाक मारली. पुन्हा मारली. सूनबाईकडे पाहिलं, तिचा चेहरा पांढरा झालेला, पण ती काही हलली नाही. माझ्याकडेही नजर टाकली नाही. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. मग मुंगीला म्हटलं की माझे गुडघे आज फार दुखतायत, मला तहान लागली आहे, तूच बघ बाई काही जमतंय का.

तिने विचार केला. मग उठून सगळा जोर लावून दार ओढलं. ते इतकं हलकं आलं की ती मागच्या मागे धपकन बसली. कुणी धावलं नाही. मीही नाही. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, असं की जणू जादूगाराची लबाडी पकडली. आणि हसत सुटली. मग दार सातआठदा उघडून लावून खात्री करून घेतली. हा गुण कुणाचा ते सांगायला नको. पाणी ओतलं, अर्धं सांडलं, पुसलं, आणि पेला दोन्ही हातांनी धरून माझ्यापर्यंत आणला. तळाला घोटभर होतं. ते मी सावकाश प्यालो.

एवढ्यावर थांबली नाही. माझे गुडघे दुखतात हे डोक्यात पक्कं बसलेलं. माझे बूट आणले आणि मला घालायला बसली. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. झाल्यावर उभी राहून आपलंच काम बघत राहिली. आता ते काढून नीट घालणार तरी कसं? मास्तरीणबाईंना कोपऱ्यापर्यंत पोचवायला मी तसाच गेलो. बोटं कळवळत होती. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, टोचत नाहीत ना? म्हटलं, छे, अगदी मापाचे आहेत. मग म्हणाल्या, तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, नसेल. त्यावर, आमचं फाटक अलीकडे अजिबात कुरकुरत नाही, एवढंच म्हणून त्या निघून गेल्या. या बाईवर नजर ठेवायला हवी.

निकाल महिन्याच्या शेवटी आहे.

खोकी उघडली. त्यात काय होतं ते तुला सांगत नाही, कारण तुला ठाऊक आहे असा मला दाट संशय आहे. माझ्या खोलीत फळी आली आहे, मला न विचारता. हात नुसता उचलला की पोचतो. तुझ्या वहिनीची अडकित्त्याएवढी कात्री, तिचा चष्मा, सगळं समोर. सुताराने स्क्रू तिरके मारलेत, ते मी नीट केले.

आणि हो. काल रात्रीचं जेवण झाल्यावर सूनबाई मुंगीला सांगत होती की आजोबा लहानपणी शाळेची घंटा वाजवायचे. हे तिला कुणी सांगितलं? आपल्या दोघांशिवाय हे जाणणारं जगात कुणी उरलेलं नाही. शिंपीणबाई हल्ली मला बघून उगाच हसतात. मी कुलूपवाला आहे, अक्का. कुणाची किल्ली कुठे फिरते ते मला कळतं.

भांडत नाही. उलट एक काम आहे. ती पास होणार, मला दिसतंय. व्हायलाच हवी, मी तिला तसं म्हटलंसुद्धा. मग नोकरीवर जाईल आणि मुंगीलाही बरोबर नेईल. पण दोघी दुपारी किती वाजता घरी परतणार, ते विचारायला माझी जीभ रेटत नाही. तूच विचारून घे. तुम्ही लिहिताच एकमेकींना.

काय ते लवकर कळव. आणि या वेळी पत्र माझ्याच पत्त्यावर घाल.

तुझा
धाकटा