वाहक

आबा, तुमच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ‘वाहक’ लिहिलेलं असायचं, पण अक्कलकुव्याच्या गाडीत त्या नावानं तुम्हाला कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचे तुम्ही कंडक्टरच. चुलीपाशी चहा पिताना तुम्ही चिडून म्हणायचात, “वाहक म्हणजे वाहून नेणारा. मी काय हमाल आहे? कोणी बसवला हा शब्द?” आम्ही हसायचो. आता त्याच शब्दानं मी रोज हैराण होते.

दवाखान्यात सिकलसेलची तपासणी झालेल्यांना समजावून सांगणं, हे माझं काम. सिकल म्हणजे इंग्रजीत विळा. आजाऱ्याच्या रक्तातली पेशी विळ्यासारखी वाकते. हे डोंगरातल्या बाईलाही लगेच कळतं, कारण तो शब्द शेतातून आलाय. ‘वाहक’ कचेरीतून आला. आजार रक्तात आहे, पण स्वतःला त्रास नाही, तो वाहक. मागे लग्न ठरलेल्या एका मुलीच्या बापाला मी म्हटलं, “तुमची मुलगी वाहक आहे.” तो म्हणाला, “मन्ही पोर काय कंडक्टर शे?” रांगेत हशा झाला. मुलगी हसली नाही.

“मी आजारी आहे का?”

“नाही गं.”

“मग मी वाहते काय?”

घाईत माझ्या तोंडून निघालं, “रक्तातला दोष.” बाप उठलाच. “पोरले दोष नको लावू, बाई.”

मुलाचंही रक्त तपासा, एवढंच मला सांगायचं होतं. दोघंही वाहक निघाले, तरच होणाऱ्या मुलांना या आजाराचा धोका. पण मुलाकडच्यांनी तपासणी केलीच नाही, सरळ सोयरीक मोडली. पुढच्या बाजाराला मुलगी एकटी आली. “तपासणीच्या कार्डावरचं ‘वाहक’ खोडता येईल का?” हा शब्द बदला म्हणून मी वर कळवलं. उत्तर आलं, शब्द शासनमान्य आहे.

माझ्या धाकट्या भावाचे हातपाय ठणकायचे, तेव्हा तुम्ही वात म्हणायचात. तो गेला, मग काही वर्षांनी तुम्ही. तपासणी कोणाचीच झाली नाही. पण त्याचं ते कण्हणं आठवलं की मला शंका उरत नाही. तुम्ही वाहक होतात आबा, आणि आईही. ती अजून म्हणते, मीच त्याला नदीवर नेलं, गारठा बाधला. यात कोणाची चूक नसते, हे दिवसभर मी परक्या माणसांना समजावते.

आईला मात्र अजून सांगितलेलं नाही.