आईला न मिळालेली भाकर

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आंधळगावजवळच्या त्या गावात तुम्ही मंडळीचे पाळक होता. चर्चच्या मागे तलाव, पलीकडे मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा, आणि ती भाकर आई करायची. शनिवारी चूल सारवून, डोक्यावर पदर घेऊन ती कणीक मळायची आणि एकच जाडसर, बिनमिठाची पोळी भाजायची. त्या पोळीला आम्ही कुणी हात लावायचा नाही. तुमचा एक नियम होता. पापकबुलीची प्रार्थना सुरू झाल्यावर जो आत येईल, त्याला भाकर नाही. धानकापणीच्या दिवसांतही तुम्ही तो कुणासाठी सैल केला नाही.

सत्तर-बहात्तरची गोष्ट असेल. मी शाळेत होते. अशाच एका रविवारी पहाटे एक ढिवर दारात आला. त्याची बायको अडली होती. आई बाळंतपणं करायची, ती तशीच निघाली. उपासना अर्धी झाल्यावर चर्चमध्ये आली, अंघोळ करून, ओल्या केसांनी, आणि शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसली. तुम्ही थाळी घेऊन एकेकापुढे येता आहात. आई ओंजळ पुढे करते. तुम्ही थांबत नाही. तिनेच भाजलेल्या पोळीचा तुकडा पलीकडच्या बाईला मिळतो, आणि आईची ओंजळ बराच वेळ तशीच उघडी राहते.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "देवाची वेळ पाळायला हवी."

"अवो, बाई अडली होती. तिले तशी टाकून कशी येऊ?"

"आधी उपासना. सेवा त्यानंतर."

 आईने तुम्हाला भात वाढला आणि तुम्ही पोटभर जेवलात. बाबा, ते जेवण मला अजून टोचतं.

पुढे काही वर्षांनी तुम्हाला लकवा मारला. मंडळी रविवारी यायची, खाटेभोवती गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, चहा घ्यायची आणि वरठी स्टेशनाकडे जाणारी गाडी गाठायला निघून जायची. खालची चादर ओली आहे हे एकालाही दिसायचं नाही. तुम्हाला कुशीवर वळवायला आईच्या मदतीला रोज कोण यायचं? तीच, त्या रविवारी अडलेली ढिवरीण. एका पहिल्या रविवारी घंटा झाली. तुम्ही अडखळत म्हणालात, "तू जा. वेळ होते."

चादर ओढता ओढता आई म्हणाली, "तुमाले वल्यात टाकून कशी जाऊ?"

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. मी गरम पाणी घेऊन दारात उभी होते. आता तरी तिला एक शब्द बोलाल, असं वाटलं होतं. नाही बोललात. तसेच गेलात, आणि मातीला आलेली माणसं तुम्हाला देवाचा सेवक म्हणाली. आई तेव्हा तुमची चादर धुवत होती.

मी भंडाऱ्याला नर्स झाले, आता निवृत्तीला आले. आयुष्यभर रविवारची ड्यूटी मागून घेतली, मुद्दाम, तुमच्यावरच्या रागाने. हे पत्र टाकायला पेटी नाही, असती तरी टाकलं नसतं. पण एक कबूल करते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं अंग पुसताना माझ्या तोंडी तुमचीच पापकबुलीची प्रार्थना येते, तुमच्याच आवाजाच्या चढउतारात. पेशंट विचारतात, "सिस्टर, काय म्हणून राहिल्या?"

"काही नाही जी," मी म्हणते, आणि आमेनपर्यंत म्हणत राहते.