थेंबानंतरची पाच मिनिटं

प्रिय पप्पा,

सोनगीरहून रूथचा सलाम.

सुवार्तेच्या कामाला इथं येऊन वर्ष होत आलं. लोक प्रेमानं चहा पाजतात, पण मी प्रभूचं नाव काढलं की कुणाला तरी म्हैस सोडायची आठवण होते. मागच्या महिन्यात मी घरी परत यायला बॅग भरली होती. फोनवर हे तुम्हाला सांगितलं नाही.

त्याच दिवशी शेजारच्या बेबाबाई धुळ्याहून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आल्या. मुलगा नरडाण्याला कंपनीत, डोळ्यात औषध टाकायला घरी कुणी नाही. म्हटलं, औषध संपेपर्यंत थांबू.

थेंब टाकून मी तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, "आते पाच मिनिट बोलू नको, डॉक्टरनी सांगेल शे." मग पाच मिनिटं त्या खाटेवर डोळे मिटून, मी उशाशी गप्प. पप्पा, तुमच्या मुलीला गप्प बसणं कधी जमलंय? पण तिथंच माझी आटलेली प्रार्थना परत आली.

काल त्या त्यांच्या देवीला पुटपुटत होत्या, "कानबाई माय, हाई पोरनं भलं कर. घरपाईन दूर राहस बिचारी."

या गावासाठी मी रोज प्रार्थना करते. गावात माझ्यासाठीही कुणी करत असेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

तुम्हाला पुढचं सोसणार नाही, म्हणून हे पत्र टपालपेटीत पडणार नाही. त्यांच्या त्या प्रार्थनेला मी "आमेन" म्हणाले, पप्पा. मग घरी येऊन बॅग रिकामी केली.

प्रभूचे आभार मानत,
तुमची रूथ