कुडाळचं पडवळ, मुक्काम टोरांटो

टोरांटो, १४ मार्च १९७२

ती. बाबांस कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

बाबा, उगवली! निघताना तुम्ही फडक्यात बांधून दिलेल्या पडवळाच्या सात बियांपैकी सहा उगवल्या! मी घरभर नाचले. खालून घरमालकीणबाई काठीने छत ठोकत होत्या, तरी नाचले. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत खिडकीत टोमॅटोच्या रिकाम्या डब्यांतून आपलं कुडाळ!

खिडकीखाली घर तापवणारा गरम पाण्याचा नळ आहे. ती ऊब आधी तुमच्या जावयांच्या पायांची होती. आता ते घोंगडी पांघरून बसतात आणि या घरात आपला नंबर सातवा म्हणून मला ऐकवतात. इथे मे सरेपर्यंत रोप बाहेर काढायचं नाही म्हणे. तोवर ही छताला लागतील!

मालकीणबाईंनी काल बोट दाखवून एकेक रोप मोजलं. कोवळ्या वेलाला बोट दाखवलं की तो कुजतो, हे मी त्यांना इंग्रजीत कसं सांगू?

आईला नमस्कार. लोभ आमच्यावर आहेच, थोडा वेलांवरही ठेवा.

तुमची कुंदा


कांदिवली, २८ मार्च १९७२

चि. सौ. कुंदास दशरथाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चाळीत दोनदा वाचून दाखवलं. पण इथे घात झाला. पाडव्याच्या साफसफाईत तुझ्या आईने बियाण्यासाठी टांगलेलं वाळकं पडवळ बंबात घातलं! वीस वर्षं सांभाळलेला वंश, आणि त्यावर तापलेल्या पाण्याने मीच आंघोळ केली. वर ती म्हणते, पाणी छान तापलं होतं. चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ते तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

गावाकडे तर हे बी कधीच संपलं. म्हणजे आता कुडाळचं पडवळ जगात फक्त तुझ्या खिडकीत आहे. पुढच्या पावसाआधी मला बी हवं. आणि मे महिना कसला? कोंडून ठेवलेली रोपं लुळी पडतात. कडक ऊन दिसलं की बाहेर ठेव.

जावईबापूंना आशीर्वाद. पत्राची वाट पाहायला लावू नकोस.

बाबा


टोरांटो, १८ एप्रिल १९७२

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

रागवा, पण पत्र फाडू नका. काल डोळे दिपवणारं ऊन पडलं, अगदी कांदिवलीसारखं. मी डबे गॅलरीत मांडले आणि बाजारात गेले. ऊन आहे म्हणजे ऊब असणारच, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? इथे तसं नसतं, बाबा. परत आले तर पानं शिजवलेल्या माठासारखी लोळत होती. पाच रोपं गेली. मी जिन्यात बसून रडले.

घाईत डबे मोजले नव्हते, आता सहावं कुठे दिसेना. संध्याकाळी तुमचे जावई कोटाच्या आतून डबा काढत घरात शिरले! रोज नाक मुरडणारा हा माणूस कारखान्यातल्या मित्रांना दाखवायला गुपचूप रोप घेऊन गेला होता. मी रडता रडता इतकी हसले की पुन्हा छत ठोकलं गेलं.

पण एकच उरलं. माझ्या हातून तुमचं कुडाळ गेलं, बाबा. मला माफ करा.

कुंदा


कांदिवली, २ मे १९७२

चि. सौ. कुंदास अनेक आशीर्वाद.

वेडे, रडतेस काय? ऊन दाखव म्हणणारा गाढव मी. आता ऐक, आणि आईला कळू देऊ नकोस. गावचं बी मी इथे आणलं त्याच वर्षी मेलं. एकही रोप जगलं नाही. मग मालाडच्या इसिडोरच्या मळ्यातून मूठभर बी मागून आणलं आणि जन्मभर कुडाळचं म्हणून मिरवलं. परवा त्याच्याकडे जाऊन पुन्हा मागितलं. पोट धरून हसला, पण दिलं. तेव्हा तुझं ते एक रोप खुशाल वाढव, नाही जगलं तरी काही बिघडत नाही.

जावईबापूंना सांग, या घरात त्यांचा नंबर आता पहिला.

बाबा

ता. क. पत्र पेटीत टाकायला मी निघाले आहे, म्हणून तुझ्या आईच्या चार ओळी. इसिडोरच्या बायकोने, कार्मेनने, हे मला तेव्हाच सांगितलं होतं. पण नव्या जागेत यांचं जेवण सुटलं होतं, गाव गाव करत ताटावरून उठायचे. ही पडवळाची भाजी केली की पोटभर जेवायचे. तूही काही बोलू नकोस.