दीवचा खासगी दौरा

६ जानेवारी, सोमवार
ठरलं. दीवला जाणार. पाठीवर सॅक, पायात सँडल, मुक्काम हॉस्टेलमध्ये. आयुष्यभर सरकारी गेस्टहाऊसच्या चादरी पाहिल्या, आता पुरे.

धनश्री तिथेच आहे, हा योगायोग. पुण्यातली नोकरी सोडून ती दिवाळीपासून दीवच्या एका हॉस्टेलात राहते. सकाळी रिसेप्शन सांभाळायचं, बदल्यात बेड आणि नाश्ता. पगार नाही. याला व्हॉलंटियर म्हणतात. मी काहीही बोललो नाही. फक्त तीन वेळा विचारलं की पगार कसा नाही.

ती म्हणाली होती, संध्याकाळी गच्चीवर सगळे जमतात, कुणी इस्रायलचा, कुणी नागपूरचा, गिटार असते. तुम्हाला नाही आवडणार, बाबा. मला काय आवडतं हे तिला कोणी सांगितलं? तिची आई, शैलजा, होती तेव्हा आमच्या घरी दर कोजागरीला गाणी व्हायची. शैलजा म्हणायची, मी दूध आटवायचो.

योजना साधी आहे. न सांगता जायचं. गच्चीवर सहज तिच्या शेजारी बसायचं. एखादं गाणं झालं, की ती आपणहून म्हणेल, चला बाबा, मी पण येते महिनाभर सिल्वासाला. तिच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल आजच बाहेर काढलं.

८ जानेवारी, बुधवार
बुकिंग झालं. ॲपवर जमलं नाही. त्यात 'तुमच्याबद्दल काहीतरी मजेशीर सांगा' असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येईना. अर्धा तास विचार केला.

शेवटी ऑफिसच्या ईमेलवरून रीतसर पाठवलं. विषय: दौऱ्याबाबत. मजकूर नेहमीचा: निम्नस्वाक्षरी करणारा १८ तारखेस आपल्या ठिकाणी येत असून तीन दिवस मुक्काम राहील, तरी योग्य ती व्यवस्था ठेवावी. खाली सवयीने 'अधीक्षकांकरिता'. सव्वीस वर्षांत दुसरी सही केलेली नाही, हात तिकडेच जातो. वर खात्याचं नाव आणि बोधचिन्ह आपोआप येतं. आमचं खातं दारूच्या परवान्यांचं, त्यामुळे दिसायला भारदस्त. माझं काम आवक-जावकचं, पण ते चिन्हात दिसत नाही.

दहा मिनिटांत उत्तर. दोन ओळींत चार वेळा 'सर'. लोक उगाच म्हणतात, स्वस्तातल्या ठिकाणी सर्व्हिस नसते.

१२ जानेवारी, रविवार
धनश्रीचा फोन. तिने स्वतः केला. मागचा रविवार चुकला होता, त्याआधीचाही.

विचारत होती, बाबा, तुमच्या ऑफिसातून अठरा तारखेला कोण साहेब दीवला येतोय? आमच्या मालकाला मेल आलाय, तेव्हापासून तो जेवलेला नाही. गच्चीवर बिअर विकतो ना, परवाना नाही. मी गंभीरपणे सांगितलं की तपासणीची माहिती गोपनीय असते, पण मजकुरावरून कोणीतरी कडक अधिकारी दिसतो. ती म्हणाली, भयंकर खडूस भाषा आहे हो.

फोन ठेवल्यावर कॅलेंडर पाहिलं. म्हणजे त्याच तारखांना आमच्यातलाच कोणी तिथे असणार. मी रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' लिहिलंय. त्याने मला हाफ पँटमध्ये पाहिलं तर? टोपी आणि गॉगल घ्यावा लागेल.

१६ जानेवारी, गुरुवार
सॅक वापीहून आणली. साठ लिटरची. दुकानदार म्हणाला, काका, ट्रेकला चाललात का. मी म्हटलं, बॅकपॅकिंग. तो हसला, पण चांगल्या अर्थाने.

डोकमर्डीच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. सॅक भरून जिने चढायची प्रॅक्टिस केली. दुसऱ्या मजल्यावर थांबलो, ते शेजाऱ्यांशी बोलायला. शेजारी घरी नव्हते.

स्वयंपाकाच्या पुतळाबाईंनी विचारलं, लेकीला आणायला चालले का? मी म्हटलं, छे, फिरायला. त्यांनी न विचारता नारळाच्या वड्या केल्या आणि डब्यावर रबर लावून म्हणाल्या, तुम्ही खाऊ नका.

१८ जानेवारी, शनिवार. दुपार
पोचलो. रात्रभर स्लीपर बस, मग उन्याहून रिक्षा. पाठ वाकडी झाली आहे. बजेट ट्रॅव्हल हा तरुणांचा प्रांत आहे असं म्हणतात, ते साफ खोटं आहे. फक्त वाकून लिहावं लागतंय.

स्वागत अपेक्षेपेक्षा खूपच चांगलं. मालक जेन्तीभाई दारातच उभे. शहाळं दिलं, हार दिला. समुद्राकडची एसी खोली तयार आहे म्हणाले. मी सांगितलं, मला सगळ्यांसारखंच डॉर्ममध्ये राहायचंय, सगळं आतून पाहायचंय. ते पायरीवर बसले. त्यांना माणुसकीची सवय नसावी.

रिसेप्शनवर धनश्री नाही. जेन्तीभाईंची बायको बसली होती, कॉम्प्युटरकडे पाठ करून. मी सहज विचारलं, इथे मुली कामाला असतात ना? जेन्तीभाई म्हणाले, ना रे ना साहेब, बाहेरचं एक माणूस नाही, सगळं घरचंच. आईची शपथ घेतली. धनश्री बाजारात गेली असेल. संध्याकाळी गच्चीवर भेटेलच.

डॉर्ममध्ये हर्षल नावाचा मुलगा भेटला. मूळ धुळ्याचा, राखोलीला धाग्याच्या कंपनीत आहे. म्हणजे घरापासून वीस मिनिटांवरचा माणूस, भेटायला इतक्या लांब यावं लागलं. तो हळूच म्हणाला, काका, जरा चूप ऱ्हावा, तुमच्या सिल्वासाचा कोनी मोठा साहेब येनार शे. मालकानी रात्री गच्ची धुई काढी. मी म्हटलं, मलाही तीच धास्ती आहे. दोघं मिळून खूप हसलो. मित्र झाला, असं लिहायला हरकत नाही.

१९ जानेवारी, रविवार. सकाळ
काल गच्चीवर बसलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या. टेबलावर लिंबू सरबताचा जग. भिंतीवर 'मद्यपान निषिद्ध' अशी पाटी, रंग अजून ओला. शर्टला लागला. गिटार नव्हती. दोन परदेशी मुलं आली, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि खाली गेली. भारतीय संस्कृतीची त्यांना आवड दिसते.

बाहेर एका बारमध्ये डोकावलो. जेन्तीभाईंचा पुतण्या माझ्यामागे काही अंतर ठेवून येत होता, रस्ता चुकू नये म्हणून. मी शिरलो तसं त्याने लांबून मालकाला काहीतरी खूण केली. गाणं बंद. मला न मागता सोडा आला, पैसे घेतले नाहीत. चार टेबलांवरचे लोक कामं आठवून उठले. दीवच्या नाइटलाइफबद्दल फार अतिशयोक्ती ऐकली होती. साडेआठला सामसूम. सिल्वासाशेजारची आमची सामरवरणी याहून जागी असते.

तो अधिकारी काही दिसला नाही. टोपी काढलेली नाही.

१९ जानेवारी, रात्री
दुपारी हर्षलबरोबर नागव्याच्या बीचवर गेलो. पाण्यात उतरलो. मी पाणी उडवलं, त्याने उडवलं. त्याचं लग्न ठरतंय म्हणे, मुलीला फोनवर काय बोलावं ते सुचत नाही. मी सल्ला दिला: जेवलीस का विचारावं. तो म्हणाला, तेच इचारतो काका, मंग पुढे काय? पुढचं मलाही सुचेना.

परत आलो तर जेन्तीभाईंनी त्याला बाजूला नेलं. नंतर तो मला सर म्हणू लागला. त्याचं सामान दुसऱ्या खोलीत गेलं. विचारलं तर म्हणाला, पंख्याचा त्रास व्हतो, सर. त्या खोलीतही पंखाच आहे. मुलं लाजाळू असतात.

मग धनश्रीला फोन केला. सरप्राइज पुरे झालं. म्हणणार होतो, बघ मी कुठे आहे. पण आधी तीच बोलली. बाबा, मी दीव सोडलं. शुक्रवारीच. तो तुमचा साहेब येणार म्हणून मालकाने आम्हा सगळ्यांना एका दिवसात जायला सांगितलं. रजिस्टरमध्ये आमची नावं नाहीत ना. आता गोकर्णला आहे, इथे एकीची ओळख निघाली.

मी विचारलं, जेवलीस का. हो म्हणाली. मागे आवाज कसला येतोय, तिने विचारलं. मी म्हटलं, पंखा. सिल्वासातच आहे, आमटी गॅसवर आहे.

आवाज समुद्राचा, लाट जरा मोठी होती तेवढीच.

त्या अधिकाऱ्याचा संताप येतोय. एका माणसाच्या टेचापायी पोरीला रातोरात जावं लागलं. नाव कळलं तर वरपर्यंत लिहीन.

२० जानेवारी, सोमवार
आज काही नाही. किल्ला पाहिला. किल्ला चांगला आहे. वड्यांचा डबा उघडला नाही. मग एक खाल्ली. मग पुतळाबाईंना काय सांगायचं याचा विचार करता करता बऱ्याच खाल्ल्या.

रिसेप्शनच्या मागे एक फळा आहे, पुसलेला. नीट पाहिलं तर खडूचं अंधुक दिसतं: 'धनूज् कोजागरी नाइट, मसाला दूध बाय धनू'. तारीख नोव्हेंबरची. कोजागरी ऑक्टोबरात असते. पण आटवलं असेल तिने नीट. माझ्याकडे पाहूनच शिकलेली आहे. बराच वेळ उभा होतो. जेन्तीभाई येऊन म्हणाले, साहेब, जुना फळा आहे, आधीच्या मालकाचा. आणि ओल्या फडक्याने उरलेलंही पुसलं.

२१ जानेवारी, मंगळवार
निघताना जेन्तीभाईंनी बिल घेतलं नाही. मी जबरदस्तीने दिलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, रिपोर्टमध्ये सांभाळून घ्या, साहेब, बालबच्चेवाला आहे. हल्ली ऑनलाइन रेटिंगला फारच महत्त्व आलंय. बसमध्ये बसल्याबसल्या पाच स्टार दिले. 'शांत व शिस्तबद्ध' असं लिहिलं.

हर्षल त्याच बसला होता. शेवटच्या सीटवर. हात केला. त्याने उभं राहून नमस्कार केला.

२६ जानेवारी, रविवार
ऑफिसात सगळ्यांना विचारून पाहिलं, दीवला तपासणीला कोण गेलं होतं. कोणीच नाही म्हणतात. अर्थात, गोपनीय.

इस्त्रीचं टेबल परत तिच्या खोलीत ठेवलं. हॉलमध्ये पाय लागत होता.

रात्री धनश्रीचा फोन. जेन्तीभाईने तिला परत ये म्हणून फोन केला होता. साहेब गेले, भला माणूस होता, म्हणाला. नावही सांगितलं. ती म्हणाली, मधुकर हे तुमचंच नाव ऐकलं तेव्हा मी आधी खूप हसले, बाबा. मग नाही हसले.

आता आठवून पाहिलं, तर ईमेलच्या भाषेत तसं आक्षेपार्ह काही नव्हतं. मसुदा नियमाला धरून होता. दुसरा कोणी अधिकारी तिथे नव्हताच, हे मात्र जरा उशिरा लक्षात आलं. टोपी उगाच घातली.

परत जाणार का, विचारलं. नाही म्हणाली, इथे बरं चाललंय. सिल्वासाला? बघू, म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी गिटार वाजवत होतं, लोक हसत होते. ती लांब चालत गेली असावी, आवाज कमी झाला.

मग म्हणाली, बाबा, मला भेटायला येताय, एवढंच लिहायचं होतं ना त्यात. मी दारात उभी राहिले असते.

मी म्हटलं, ऑफिसच्या ईमेलवर खासगी मजकूर चालत नाही.