नमुना क्रमांक तीन

३ फेब्रु., सोम.
कोरा नमुना आज पुन्हा पॉझिटिव्ह. नुसतं पाणी आहे त्यात, आमच्या पावडरीची खूण सापडायचं कारणच नाही. गेल्या आठवड्यात झालं तेव्हा वाटलं माझ्याच हातून काही सांडलं असेल. आज नवं पाणी, नव्या नळ्या, नवे हातमोजे. तरी तेच. पार्टनरला, म्हणजे शिरीषला दाखवलं. "लॅब झाडून घे एकदा, होतं असं." त्याचं सगळं लक्ष कल्याणच्या मोटर कंपनीच्या ऑर्डरीवर. मार्चपासून ते त्यांच्या सगळ्या गोदामांत आमची पावडर वापरणार.
डोंबिवलीच्या लॅबमधून वर्तकनगरला घरी येईपर्यंत डोकं उठलं. काय जेवले आठवत नाही.

४ फेब्रु., मंगळ.
झाडलं. टेबलं ब्लीचने धुतली. कोरा नमुना: पॉझिटिव्ह.
मीटिंगमध्ये बोलून बोलून पाठ झालेलं वाक्य: "लोखंडी पावडर, पिठाहून बारीक, प्रत्येक कणाला आम्ही बनवलेला डीएनएचा तुकडा. तांब्याच्या रिळांना फासा. ज्याने हात लावला त्याला कापसाने पुसा, चुंबकाने कण ओढून घ्या, मशीनला विचारा. हा तुकडा जगात दुसरीकडे कुठेच नाही, म्हणजे सापडला तर तो रिळांवरूनच आला."
रिळांवरूनच आला, बरोबर. पण किती हातांतून फिरून आला? हे मी कधी बोललेच नाही. कुणी विचारलंही नाही.

६ फेब्रु., गुरु.
घरी कापूस घेऊन आले. कुकरची मूठ, दाराची कडी, नवऱ्याच्या गाडीचं स्टिअरिंग. मंगेश आजवर एकदाही लॅबमध्ये आलेला नाही. त्याला म्हटलं, उद्या तुमच्या ऑफिसच्या लिफ्टच्या बटणावरून हा कापूस फिरवून आण.
"अगं, लोक वेडा म्हणतील मला."
"म्हणू देत."

८ फेब्रु., शनि.
सगळे पॉझिटिव्ह. घोडबंदर रोडवरच्या त्या काचेच्या इमारतीतलं लिफ्टचं बटणसुद्धा. फिकट, पण आहे.
मंगेशला वाटलं मी खूश होईन. "म्हणजे किती पॉवरफुल बघ तुझं ते!"
मी पाणी प्यायला उठले. भोईर. दुपारपासून तेच नाव.

९ फेब्रु., रवि.
लिहूनच काढते, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.
नोव्हेंबरमध्ये कल्याणच्या कंपनीच्या एका गोदामातून, आमची पावडर लावून बघत होते तिथूनच, रिळं चोरीला गेली. मॅनेजरने तिघांवर संशय घेतला, तिघांच्या बाह्या कापसाने पुसल्या, नमुने आमच्याकडे पाठवले. एक, दोन: काही नाही. तीन: खूण आढळली. खाली माझी सही. एवढीच ओळ.
तीन म्हणजे हरेश भोईर. कॅन्टीनमध्ये चहा देणारे, वीस-एक वर्षं तिथेच. गोदामात पाऊल टाकायची त्यांना परवानगी नाही, मग खूण आली कशी? झालं, दुसऱ्या दिवशी सस्पेंड. शिरीषने पुढच्या सादरीकरणात ते घातलं: 'पहिल्याच महिन्यात चोर हाती.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मी तिथेच होते. मला बरं वाटलेलं.

११ फेब्रु., मंगळ.
शिरीषला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "तू दिवसभर त्या पावडरीत लोळतेस. तुझ्या घरी सापडणारच. गोदामात रिळाला चिमूटभर असते. दोन्हींची तुलना कशी करतेस?"
मुद्दा बरोबर आहे. त्याचा हाच राग येतो.
"मग कंपनीतच तपासू या. गोदामाच्या बाहेर."
"आत्ता? मार्चच्या तोंडावर?"
एम.एस्सी.पासून एकत्र आहोत. माझी चुंबकी पावडर पेटंटच्या कागदावरच राहिली असती. त्याने नोकरी सोडली, गाळा शोधला, म्हणून ती डब्यात आली. त्याच्याशी भांडताना हे आठवतं आणि माझं वाक्य अर्धंच

१४ फेब्रु., शुक्र.
कल्याणला गेलेले. रिळांवरची पावडर टिकली का बघायचं म्हणून. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.
चार वाजता कॅन्टीनमध्ये बसले. गोदामातले हमाल, ऑफिसमधले, वॉचमन, सगळे चहाला. प्यायले की ग्लास ट्रेमध्ये. नवा चहावाला ट्रे छातीशी धरून उचलतो, एका हाताने उरलेले ग्लास गोळा करतो. बाही सगळ्या ग्लासांवरून जाते.
धुवायच्या आधीचे दहा ग्लास पुसून घेतले. मग त्यालाही विचारलं, तुमची बाही पुसू का? चाळिशीचा माणूस, एकदम घाबरला. "मला काय झालंय का मॅडम?" नाही, काही नाही, म्हटलं. नाव लिहून घेतलं नाही. मुद्दाम.
शेजारच्या टेबलावरून कुणीतरी: "भोईरमामांच्या चहाची सर नाय याला."

१७ फेब्रु., सोम.
दहापैकी चार ग्लास पॉझिटिव्ह. आणि नव्या चहावाल्याची बाही.
तो डिसेंबरात लागलाय. रिळं गेली नोव्हेंबरात.
तीनदा तपासलं. कोरा नमुना आज, कधी नव्हे तो, स्वच्छ आला. लॅबमधलीच पावडर नमुन्यांत मिसळली असं म्हणायलाही जागा राहिली नाही.

१९ फेब्रु., बुध.
शिरीष: "ठीक आहे. मान्य. आपण नवी पद्धत काढू. कण किती सापडले ते मोजू, नुसतं आहे-नाही सांगायचं नाही. एप्रिलमध्ये आपणच त्यांना सांगू, सुधारणा म्हणून."
"भोईरांची चौकशी २८ला आहे."
"आपण त्यांना चोर म्हटलेलं नाही. आपण फक्त खूण सापडली म्हटलं."
"आणि टाळ्या?"
तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "सहा जण आहेत आपल्याकडे कामाला. त्यांचंही बघशील ना?"
सहाही जणांचे चेहरे मग दिवसभर चुकवत फिरले.

२२ फेब्रु., शनि.
खडवलीला जाऊन आले. पत्ता कॅन्टीनमधूनच मिळाला. स्टेशनपासून चालत, पंधरा मिनिटं असेल. भोईर अंगणात विळीवर कांदा चिरत होते, कुणाकडे तरी साखरपुड्याचं जेवण होतं. मी कोण ते सांगितल्यावर हात थांबला. बायको आतल्या दारात, बाहेर आल्याच नाहीत.
"तुमीच त्या मशीनवाल्या?"
"हो."
"गावात बोलतात का माझं रक्त तपासलं नि रक्तात चोरी निघाली."
मला कळायलाच वेळ लागला. डीएनए म्हणजे लोकांना रक्तच. बातमी गावात पोचेपर्यंत खूण रिळांची न राहता या माणसाची झालेली. समजावून सांगितलं की तुमचं रक्त कुणी बघितलेलंच नाही, तो आमच्या पावडरीचा तुकडा आहे, ग्लासांवरूनही बाहीला लागतो.
आतून बायको, पहिल्यांदाच: "मग आजवर कशाला बोलला नाय तुमी?"
माहीत नव्हतं, म्हटलं. खरं म्हणजे बघितलं नव्हतं.
भोईर म्हणाले, जत्रेतल्या प्रसादाचं जेवण दरवर्षी त्यांच्या हातचं असायचं, यंदा दुसऱ्याला सांगितलं. आवाज अगदी सरळ. मग: "तुमी येनार चौकशीला? बोलनार, का हा चोर नाय म्हणून?"
"येणार. जे आहे ते सगळं सांगणार."
त्यांचा चेहरा सैल झाला. बायको चहा घेऊन बाहेर आल्या.
मी 'जे आहे ते' म्हटलं. त्यांनी दुसरंच ऐकलं. मला कळलं होतं की त्यांनी दुसरंच ऐकलंय. तरी चहा प्यायले.

२५ फेब्रु., मंगळ.
कंपनीला पत्र पाठवलं. अहवाल मागे घेते, कारणं सोबत. शिरीषला अर्धा तास आधी वाचायला दिलं. वाचून फक्त एवढंच: "तुझी सही आहे, तू पाठव."
त्याने त्याचं नाव खाली घातलं नाही. पाठवू नकोस असंही म्हणाला नाही.
संध्याकाळी कंपनीचा फोन त्यालाच. बोलत बोलत गाळ्याबाहेर गेला, परत आला तो बॅग घेऊन घरी. ऑर्डर थांबली की गेली, विचारायचं धाडस नाही झालं.

२६ फेब्रु., बुध.
शिरीष आला नाही. लॅबमधल्या मुलींनी नमुने लावले. रेडिओ लावायची सवय आहे त्यांना, तो आज बंद.

२८ फेब्रु., शुक्र.
चौकशी. चौकशी अधिकारी म्हणजे बाहेरून बोलावलेले वकील, साठीचे, शांत. भोईर इस्त्रीचा शर्ट घालून. बायकोला बाहेर बाकावर बसवलेलं.
ग्लासांचं सगळं सांगितलं. नव्या माणसाचं नाव न घेता बाहीचंही.
"म्हणजे तुमचा अहवाल चुकीचा?"
"तपासणी बरोबर होती. तिच्यावरून माणूस ठरवता येत नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही."
"मग यांनी रिळं नेली नाहीत, असं लिहू?"
"ते मला सांगता येणार नाही. नेली असंही नाही, नेली नाहीत असंही नाही. माझ्या तपासणीतून काहीच कळत नाही."
भोईरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी कागद सारखे केले.
निकाल कळवू म्हणाले. मॅनेजर म्हणाला, संशय राहतोच ना मग.
फाटकाबाहेर भोईर नवरा-बायको उभे होते. मी जाऊन म्हटलं, अहवाल आता तुमच्या विरुद्ध वापरता येणार नाही.
भोईर म्हणाले, "मॅडम, मशीन जाऊ दे. तुमाला काय वाटतं? मी घेतली?"
लगेच बोलायला हवं होतं. मला आधी वाक्य जुळवायची सवय, कुठे चुकणार नाही असं. दोन-तीन सेकंद गेले असतील. तेवढ्यात ते म्हणाले, "राहू द्या." बायकोने रिक्षाला हात केलेला.
घरी आल्यापासून बसवत नाही. मंगेश विचारतोय काय झालं. भोईरांचा नंबर चार वेळा काढला, चार वेळा फोन खाली ठेवला. सांगायचंय तो एकच शब्द आहे: नाही. मला तसं खरंच वाटतं, का नुसतं त्यांना बरं वाटावं म्हणून बोलणार आहे, एवढं आधी स्वतःशी ठरलं की