नववा बोल्ट

प्रिय खटपट्या,

पत्र माझं आहे हे अक्षरावरूनच ओळखलं असशील. कोंबडीचे पाय म्हणायचास ना? आईचे गुडघे सोडले तर घरी सगळं ठीक. बाबांच्या पश्चात बंद पडलेल्या सायकल दुकानाची किल्ली मात्र महिनाअखेर एका शिंप्याला द्यायची आहे. म्हणून शाळेतलं शिकवणं आटोपलं की मी तिथे आवराआवर करायला जाते. तिथेच ते खोकं सापडलं, बाकाखाली, जुन्या ट्यूबांच्या ढिगामागे. आत सायकलला बसवायचं इंजिन, टाकी, क्लच, साखळी, सगळं कोरं. वर बाबांच्या हातचं तुझं नाव. ज्या इंजिनापायी तुम्हा दोघांची जुंपली, पायात दम नाही त्यालाच इंजिन लागतं असं म्हणून ज्यांनी तुला घराबाहेर काढलं, त्यांनीच ते गुपचूप मागवून ठेवलं होतं.

मी ठरवलं, आपणच जोडायचं. हसू नकोस, सायकलवाल्याची मुलगी आहे मी. छताला टांगलेली तुझीच जुनी सायकल खाली उतरवली. इंजिन सांगाड्याच्या बेचक्यात बसवलं, कार्ब्युरेटर आधी उलटा लावला, मग मुकाट्याने सुलटा केला. मागच्या चाकाच्या तारांवर एक दातेरी चकती बसवायची असते, तिला नऊ बोल्ट. पहिल्या दिवशी पाच आवळले आणि कुलूप लावून घरी आले. दुसऱ्या दिवशी पाहते तर पाचही नटांवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ. आठवते ना? आवळलेल्या नटावरून बाबा ती ओढायचे, म्हणजे पुढे नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. मला वाटलं, आईचंच काम. पण आईला जिना उतरवत नाही, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. रंगाचा डबा उघडला तर रंग वाळून दगड झालेला. रेघेला बोट लावलं, बोट पांढरं झालं.

खोटं कशाला बोलू, घाबरले, पण बरंही वाटलं. पुढचे तीन आवळले, त्यांवरही रेघा आल्या. नववा मात्र घट्ट राहीना. अंगातला सगळा जोर लावून आवळावा आणि दुसऱ्या दिवशी तो नुसत्या बोटाने फिरावा. रेघेचा पत्ता नाही. रविवारी भर दुपारी, दार सताड उघडं असताना, मी पाठमोरी पाणी पीत होते आणि मागे पान्याचा कट् असा आवाज झाला. वळले तर कोणी नाही. पाना जमिनीवर होता, उचलला तर मुठीत धरून ठेवल्यासारखा कोमट. मग हट्टाला पेटून आठ बोल्टांवरच सायकल मागच्या अंगणात काढली. पायडल मारून क्लच सोडला, इंजिन फडफडत चालू झालं आणि फाटकाशी बंद पडलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा फाटकाशीच.

बाबांचा नियम तुलाही पाठ आहे: ज्याची सायकल, शेवटचा नट त्याचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बाबा पाना त्याच्या हातात द्यायचे. तुझ्या पहिल्या सायकलीला तुझा जोर पुरेना, तर त्यांनी तुझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली होती. मला हे पहिल्यापासून कळत होतं. तरी काल पुन्हा आवळायला गेले, कारण तुला बोलवायचं तर एक गोष्ट सांगावी लागणार होती. पाना फिरवला आणि माझी बोटं कुणीतरी एकेक करून सोडवली. हळूच, न रागावता. लहानपणी माझ्या हातातून करवत काढून घ्यायचे, तशीच.

तर ऐक. शेवटच्या आठवड्यात बाबांनी तुला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा मी म्हणाले, कळवलंय. मी कळवलं नव्हतं. तू गेल्यापासून सगळं माझ्या एकटीवर पडलं, त्याचा राग मी असा काढला. सगळं आटोपल्यावर तू आलास, बाबांनी आठवण काढली होती का असं विचारलंस, आणि मी नाही म्हणाले. तू दारातूनच परतलास. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. पण महिना संपायच्या आत ये. नववा बोल्ट मी आता आवळत नाही. पाना बाकावर ठेवते आणि घरी येते. दुसऱ्या दिवशी हात लावून बघते, तो कोमटच असतो.

तुझीच,
ताई